कार्ल्सरूहचा लोलक आणि किल्लारीची भिंत

संपादकांनी तंत्रशिक्षणावरच्या अंकासाठी जर्मनीतल्या एखाद्या तंत्रविद्यापीठाचा परिचय लिहायला सांगितलं, तेव्हा नावांची कमतरता नव्हती. आखन, म्युनिक, ड्रेस्डेन, बर्लिन, डार्मश्टाट. लातूर-नांदेडकडच्या घरांत ही नावं आता अनोळखी राहिलेली नाहीत. अभियांत्रिकीची पदवी हातात पडली की पोरं जर्मनीची चौकशी करू लागतात, आणि आईवडील सातबारा घेऊन बँकेत जातात. मी मात्र कार्ल्सरूह निवडलं. त्याला कारण किल्लारी.

औसा तालुक्यात तेरणेच्या काठचं हे गाव ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीनदोस्त झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, मिरवणुकीतून थकून आलेली माणसं गाढ झोपेत होती. सरकारी हिशोबात जवळपास आठ हजार माणसं गेली. इतर नोंदींत हा आकडा पावणेदहा हजारांच्या घरात आहे. त्या पहाटे काय झालं हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. पण ते जगाला कसं कळलं, जमिनीखालची हालचाल मोजण्याची विद्या मुळात आली कुठून, हे विचारत मागं जात राहिलं की वाट कार्ल्सरूहला जाऊन पोचते. फ्रान्सच्या सीमेलगत, ऱ्हाइन नदीपासून जवळ असलेलं हे जर्मन शहर. किल्लारीपासून आकाशमार्गे सुमारे ६,९०० किलोमीटर.

विद्यापीठाचा अधिकृत इतिहास वाचायला सोपा आहे. बाडेनचा ग्रँड ड्यूक लुडविग याने १८२५ मध्ये इथं पॉलिटेक्निक काढलं. नमुना पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निकचा होता. जर्मनीतली ही सर्वांत जुनी तंत्रशाळा मानली जाते. त्याआधीपासून योहान गॉटफ्रीड टुला हा अभियंता कार्ल्सरूहात अभियंते घडवत होता. ऱ्हाइनची वळणं कापून तिला सरळ करण्याची प्रचंड योजना त्याचीच. १८३२ मध्ये नेबेनियस या प्रशासकाने शाळेची नवी घडी बसवली. आधी सर्वांना गणित आणि निसर्गविज्ञान, मग अभियांत्रिकी, बांधकाम, वनविद्या, उद्योग आणि व्यापार अशा वेगवेगळ्या शाखा. आज आपल्याकडे पहिलं वर्ष सर्वांना सारखं आणि पुढं शाखा, ही जी रचना दिसते, तिचा एक जुना आराखडा इथं सापडतो.

१८४१ मध्ये फर्डिनांड रेडटेनबाखर आला आणि यंत्रशास्त्राला गणिताचा पाया मिळाला. तोवर यंत्रं बनत होती ती कारागिराच्या हाताच्या सवयीवर. रेडटेनबाखरने दात्यांच्या, पट्ट्यांच्या, दांड्यांच्या हालचाली वेगळ्या करून त्यांच्या लहान प्रतिकृती शाळेच्या कार्यशाळेत बनवून घेतल्या. विद्यार्थी समीकरण सोडवायचा आणि तीच हालचाल हाताने फिरवून पाहायचा. कार्ल बेंझ याच शाळेत शिकला. पुढं १८६५ मध्ये तिला उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला, १८८५ मध्ये ती टेक्निशे होखशूल झाली, शतक बदलता बदलता डॉक्टरेट देण्याचा अधिकार आला. हा अधिकार जुन्या विद्यापीठांनी तंत्रशाळांना सुखासुखी दिलेला नव्हता. हाताने काम करणाऱ्यांना पंडितांच्या पंगतीत बसवायचं की नाही, हा वाद तिथंही झाला.

हाइनरिश हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवल्या त्या याच संस्थेत. फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत इथंच शोधली. आमच्या सोयाबीन-उसाच्या पट्ट्यात खताची जी पोती येतात त्यांचं मूळ तिथं आहे. त्याच हाबरने पुढं पहिल्या महायुद्धात विषारी वायूही रणांगणावर नेला. १९३३ मध्ये नाझींनी गेओर्ग ब्रेडिगसारख्या ज्यू प्राध्यापकांना हाकललं. संस्थांच्या पुस्तिका असल्या वर्षांवरून भराभर पुढं जातात. पण ज्ञानाचं घर कुणाच्या ताब्यात आहे यावर त्या ज्ञानाचं काय होतं ते ठरतं, एवढं त्यातून नीट लक्षात ठेवायला हवं.

युद्धानंतर संस्था पुन्हा उभी राहिली. १९६७ मध्ये तिला विद्यापीठ म्हणू लागले, १९७२ मध्ये संगणकशास्त्राची जर्मनीतली पहिली विद्याशाखा इथं निघाली. १ ऑक्टोबर २००९ रोजी हे विद्यापीठ आणि शहराबाहेरचं मोठं संशोधन केंद्र एकत्र होऊन कार्ल्सरूह इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे केआयटी झालं. संशोधन केंद्र १९५६ मध्ये अणुभट्टीच्या कामासाठी सुरू झालेलं, पैसा मुख्यतः केंद्र सरकारचा, विद्यापीठ राज्याचं. एक नाव, पण पैशाची खाती आणि कायदे वर्षानुवर्षं वेगळे ठेवावे लागले. आज तिथं पाच विभागांखाली अकरा विद्याशाखा आहेत आणि वीस हजारांहून अधिक विद्यार्थी. आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: जर्मनीत शिक्षण फुकट असतं असं जे सांगितलं जातं ते या राज्याला लागू नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे.

इतिहास इतका पुरे. मला ज्याने खिळवून ठेवलं तो माणूस या यादीत ठळक अक्षरांत नसतो.

एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्वित्झ. जन्म १८६१. शिक्षण खगोलशास्त्राचं. हर्ट्झ कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत प्राध्यापक होता त्याच सुमारास हा तरुण त्याच शहरात, बाडेन राज्याच्या वेधशाळेत सहायक होता. एकाच गावात एक जण अवकाशातल्या न दिसणाऱ्या लहरींच्या मागं आणि दुसरा जमिनीतल्या न जाणवणाऱ्या हालचालींच्या मागं. दोघांची भेट झाली की नाही, कल्पना करायला मोह होतो. दोघंही अकाली गेले. हर्ट्झ छत्तिसाव्या वर्षी, हा चौतिसाव्या.

रेबॉयर-पाश्वित्झला भूकंपाशी मुळात काही घेणं नव्हतं. त्याचा प्रश्न ओळंब्याचा होता. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. तो पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवतो असं आपण धरून चालतो. पण चंद्र समुद्राला ओढतो तसा तो ओळंब्यालाही ओढत असणार, आणि पायाखालचा खडकही थोडा वरखाली होत असणार. मग खरा उभा कोणता? हा फरक इतका बारीक, की साध्या ओळंब्याने तो पकडायचा तर दोरी कित्येक किलोमीटर लांब लागेल.

त्याने वापरला तो आडवा लोलक. कल्पना त्याची नव्हे. लाइपझिगच्या झ्योल्नरने १८६९ मध्ये तसा लोलक बनवला होता आणि त्याआधीही प्रयत्न झाले होते. शेताच्या फाटकाचा खांब किंचित कलला की काय होतं ते खेड्यात सर्वांनी पाहिलेलं आहे. फाटक कुठंही सोडा, ते आपोआप सर्वांत खालच्या जागी जाऊन थांबतं. खांब जितका उभ्याच्या जवळ, तितकं ते सावकाश झुलतं. आणि खांब केसाएवढा जरी हलला तरी फाटकाची थांबण्याची जागा चांगलीच सरकते. आडव्या लोलकाचं मर्म एवढंच. एक आडवी दांडी, एका टोकाला दोन बारीक टोकांवर टेकलेली, तिचा आस उभ्यापासून अगदी नावापुरता कललेला. जमिनीचा सूक्ष्म कल दांडीच्या मोठ्या हालचालीत उतरतो.

रेबॉयर-पाश्वित्झचं वेगळेपण आकारात आहे. आधीचे लोलक मोठे, जड, आणि म्हणून आपल्याच वजनाने वाकणारे, घासणारे. याने तो लहान केला. हॅम्बर्गच्या रेप्सोल्ड या नामांकित उपकरणकारांकडून त्याने लोलक करून घेतले. दांडीचं वजन चार तोळ्यांच्या आतबाहेर. तिच्यावर इवलासा आरसा. दिव्याचा किरण आरशावरून परावर्तित होऊन फिरत्या नळकांड्यावरच्या छायाचित्राच्या कागदावर पडायचा. लेखणी नाही, म्हणजे कागदाशी घर्षण नाही. कागद तासाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकायचा. रात्रंदिवस रेघ उमटत राहायची आणि कागद काढून धुतला की कळायचं जमीन काय करत होती.

या यंत्राचा हट्टीपणा हा की ते मालकाला हवं ते सांगायचं नाही. त्याला चंद्राचा परिणाम हवा होता. लोलक सांगायचा तापमानाचा, हवेच्या दाबाचा, तळघरातल्या ओलाव्याचा परिणाम. एका जागी नीट बसवला की पायाच सरकायचा. रेघ दिवसेंदिवस एका बाजूला वाहत जायची आणि पुन्हा सगळं जुळवावं लागायचं. तशात त्याची प्रकृती ढासळत होती. क्षयाने कार्ल्सरूहची नोकरी सुटली. पण लोलक सुटला नाही. एक पॉट्सडॅमच्या वेधशाळेत बसवला, दुसरा उत्तर समुद्राकाठच्या विल्हेल्म्सहाफेनला. दोन ठिकाणी बसवण्यातच त्याची बुद्धी दिसते: एकाच ठिकाणी रेघ हलली तर दोष जागेचा, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी हलली तर कारण बाहेरचं.

१७ एप्रिल १८८९ च्या कागदावर दोन्ही ठिकाणी रेघ अचानक फुगली. आसपास कुठं काही झालेलं नव्हतं. काही आठवड्यांनी 'नेचर' या नियतकालिकात टोकियोच्या एका भूकंपाची बातमी त्याच्या वाचनात आली. त्याने वेळा जुळवून पाहिल्या. जपानात हललेली जमीन जर्मनीतल्या तळघरात, चार तोळ्यांच्या दांडीने नोंदवली होती. त्याच वर्षी त्याने 'नेचर'ला पत्र लिहून हे कळवलं. दूरच्या भूकंपाची जगातली ही पहिली ओळखलेली नोंद. पृथ्वी आरपार ऐकता येते हे त्या दिवशी सिद्ध झालं.

आणखी एक गोष्ट त्याने केली आणि माझ्या मते ती लोलकाहून मोठी आहे. प्रकृतीसाठी तो तेनेरीफ बेटावर गेला तेव्हाही लोलक सोबत नेला आणि तिथल्या नोंदी घेतल्या. मग १८९५ मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, त्याने एक प्रस्ताव मांडला: जगभर सारख्याच जातीची यंत्रं बसवा, सारख्याच वेळेने चालवा, आणि नोंदी एका ठिकाणी गोळा करा. एकट्या यंत्राला भूकंप झाला एवढंच कळतं. कुठं झाला हे कळायला जाळं लागतं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तो वारला. त्याचं काम स्ट्रासबर्गच्या गेओर्ग गेरलांडने पुढं नेलं. १९०१ मध्ये तिथं पहिली आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र परिषद भरली.

हे जाळं आपल्यापर्यंत लवकर आलं. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर जॉन मिल्नच्या रचनेची यंत्रं हिंदुस्थानात बसवली गेली, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८९८ मध्येच एक आलं. तेही आडव्या लोलकाचंच, आणि नोंद तशीच प्रकाशाने कागदावर. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. म्हणजे कार्ल्सरूहच्या सहायकाच्या डोक्यातली कल्पना दहा-बारा वर्षांत अरबी समुद्राच्या काठावर पोचली. मराठवाड्याच्या आत यायला मात्र तिला जवळपास शंभर वर्षं लागली.

कार्ल्सरूहात ही परंपरा मधल्या काळात मंदावली आणि १९६४ मध्ये भूभौतिकी संस्था स्थापन झाल्यावर पुन्हा जोमाने सुरू झाली. श्टेफान म्युलर आणि नंतर कार्ल फुक्स यांनी ती वाढवली. स्टुटगार्ट विद्यापीठाबरोबर तिने ब्लॅक फॉरेस्टमध्ये शिल्टाखजवळ एका बंद पडलेल्या चांदी-कोबाल्टच्या खाणीत वेधशाळा केली. वर दीडशे मीटरांहून अधिक खडक, आत हवाबंद दारं, जेणेकरून बाहेरचं वादळ किंवा हवेचा दाब आतल्या यंत्रापर्यंत पोचू नये. रेबॉयर-पाश्वित्झला तळघरात ज्या गोष्टींनी छळलं त्या सगळ्यांवर शोधलेला हा उपाय. जगातल्या सर्वांत शांत केंद्रांपैकी ते एक आहे. मोठा भूकंप झाला की पृथ्वी आठवड्याआठवड्यांपर्यंत थरथरत राहते, ते तिथं मोजलं जातं.

किल्लारीच्या धक्क्याची पहिली लाट खडकातून जर्मनीला पोचायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. तिथं तेव्हा २९ सप्टेंबरची रात्र होती, साडेअकरा वाजून गेलेले. किल्लारीत धुरळा खाली बसलेला नव्हता, सास्तूरमध्ये, मंगरुळात, होळीत कोण जिवंत आहे हे शेजाऱ्यालाही कळलेलं नव्हतं, आणि युरोपातल्या यंत्रांवर तो भूकंप उमटलेला होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, रागाचं कारण यंत्र नाही. ते सात हजार किलोमीटरांवर होतं आणि जवळ नव्हतं, हे आहे.

जवळ असायला हवं होतं, कारण किल्लारीची जमीन वर्षभर आधीपासून बोलत होती. ऑगस्ट १९९२ पासून धक्के सुरू झाले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगला जोराचा होता. भिंतींना तडे गेले. मार्च १९९३ पर्यंत शंभराहून अधिक धक्के लोकांना जाणवले. माणसं घराबाहेर झोपली, निवेदनं दिली, मोर्चे झाले. त्या काळात भरवशाचं मोठं केंद्र होतं ते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचं, दोनशे किलोमीटरांहून दूर. तेवढ्या अंतरावर लहान धक्के पुसट होतात, आणि एकाच केंद्राला जागा, खोली, दिशा नेमकी सांगता येत नाही. १८९५ चा प्रस्ताव हेच तर सांगत होता. मग धक्के थांबल्यासारखे झाले. गणपतीचे दिवस आले. पावसाची झड होती, माणसं परत घरात झोपायला गेली.

दख्खनचा कातळ स्थिर, इथं भूकंप होत नाहीत, ही समजूत कोयनेने १९६७ मध्येच मोडायला हवी होती. पण कोयनेला धरण होतं, म्हणून दोष धरणाच्या पाण्यावर गेला. किल्लारीनंतरही तेरणेवरच्या माकणीच्या धरणाकडे बोट दाखवलं गेलं; तो वाद शास्त्रज्ञांत अजून आहे. पण मुळातला रेटा कुठून येतो याबद्दल वाद नाही. भारताचा भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटिमीटरच्या गतीने उत्तरेकडे सरकतो, हिमालयापाशी अडतो, आणि ताण अख्ख्या पट्टभर मागं साठतो. जगातल्या खडकांमधला ताण कुठं कोणत्या दिशेने आहे याचा एक नकाशा आहे, जागतिक ताण-नकाशा. मेरी लू झोबॅक यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये तो सुरू झाला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत त्याचं काम कार्ल्सरूहात चाललं. पुढं तो पॉट्सडॅमला गेला. त्याच प्रकल्पाच्या विशेषांकात १९९२ मध्ये गौड, श्रीराम राव आणि गौर या भारतीय शास्त्रज्ञांचा निबंध आला होता. द्वीपकल्पाच्या मधल्या भागात ताणाची दिशा साधारण ईशान्येकडची आहे असं त्यात मांडलं होतं. किल्लारीच्या भूकंपात जमीन ज्या तऱ्हेने दाबली जाऊन वर सरकली, ते या दिशेशी जुळणारं होतं. दिशा एक वर्ष आधी छापून आली होती. गाव आणि तारीख त्यात नव्हती, आणि आजही कुठल्याही नकाशात ती नसते.

भूकंपानंतर मात्र सगळे आले. पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्राचं, जीएफझेडचं, भूकंप-पथक त्याच वर्षी उभं राहिलं होतं. त्यातले शास्त्रज्ञ हैदराबादच्या संशोधकांबरोबर इथं यंत्रं मांडून पश्चात्‌धक्के मोजत होते. त्यांचा अभ्यास १९९४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या लातूर भूकंपावरच्या ग्रंथात आला. आडव्या लोलकाची पहिली दूरची नोंद जिथं झाली, पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या त्याच टेकडीवरून आलेली ही माणसं होती. हैदराबादच्या संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खणलं. ३३८ मीटर काळा बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक. ज्या काळ्या पाषाणाला आम्ही अथांग समजत होतो तो तिथं साडेतीनशे मीटरही जाड नाही. जर्मनीने बव्हेरियात त्याच सुमारास ९,१०१ मीटर खोल विवर पुरं केलं. त्यापुढं आमचं उथळ दिसेल, पण आपल्या पायाखाली काय आहे ते प्रथमच हातात आलं, ते या विवरामुळे.

इथवर आलं की विद्यापीठाचा परिचय संपायला हवा. पण भूकंपात माणसं मेली ती भूकंपाने नव्हे, घराने. कार्ल्सरूहने २००२ मध्ये जीएफझेडबरोबर आपत्ती आणि जोखमीच्या अभ्यासाचं एक केंद्र काढलं, सेडिम नावाचं, ते याच कारणासाठी. धक्का किती मोठा हा प्रश्न भूभौतिकीचा. किती माणसं गेली हा प्रश्न बांधकामाचा, गरिबीचा, रात्र होती की दिवस याचा. किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे मध्यम. जपानात एवढ्या धक्क्याने इतकी माणसं जात नाहीत.

किल्लारीचं घर म्हणजे माळवद. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढरीच्या मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात त्या घरात जो गारवा असतो तो कोणत्याही स्लॅबच्या घरात मिळणार नाही, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ते बांधलं गेलं. बाहेरची भिंत दगडाची, दोन-अडीच फूट, कुठं कुठं त्याहूनही रुंद. पण ती एक भिंत नसते. आतल्या अंगाला एक थर, बाहेरच्या अंगाला एक थर, मधे खडी-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले की हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि कोसळते. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नसतात, म्हणून त्या वेगवेगळ्या हलतात. कितीतरी ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती व छताची माती माणसांवर आली. त्या सांगाड्यात शहाणपण होतं. भिंतीत ते राहिलं नव्हतं.

यावरचा उपाय अवघड नाही. ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला. दारा-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून सलग, काँक्रीटचा लोखंड घातलेला पट्टा फिरवा. छताची माती कमी करा. रुरकी विद्यापीठात १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीचं काम चालू होतं; हे सगळं तिथं ठाऊक होतं, मानकांतही होतं. पण रेडटेनबाखरने कार्यशाळेत जे केलं, म्हणजे गणित आणि हात एका टेबलावर आणणं, ते औसा-उमरग्याच्या गवंड्यापर्यंत कधी झालंच नव्हतं. त्याला ओळंबा माहीत होता. आरपार दगडाचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

पुनर्वसनाचं काम मोठं झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी उभी राहिली आणि जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती-बळकटी झाली. त्या काळात गवंड्यांना पट्ट्याचं आणि कोपऱ्यांचं प्रशिक्षण मिळालं. अनेकांना त्या कौशल्यावर पुढं बाहेरगावी कामं मिळाली. पण नव्या गावांचे रस्ते रुंद, घरं रांगेत, गल्ली-वाडा-ओसरीची जुनी सोय गेली. जनावरं बांधायला जागा नाही, भावकी विखुरली. रोहित जिज्ञासू यांनी नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात २००२ मध्ये जो प्रबंध सादर केला त्यात मराठवाड्याच्या या पुनर्वसनाचा अभ्यास आहे: स्थानिक ज्ञान बाजूला टाकून बाहेरचं तंत्र आणलं की असुरक्षितता नव्या रूपात परत येते. आज या वसाहतींतून चाललं तर ते डोळ्यांनी दिसतं. कुटुंब वाढलं, खोली हवी झाली, तेव्हा मूळ भूकंपरोधक खोलीला लागून जुन्या मोडलेल्या घराचेच दगड आणून भिंत उभी केलेली. पट्टा नाही. कुठं वर मजला चढवलेला. घरातली एक भिंत नियमाची आणि तिला टेकलेली दुसरी १९९३ च्या आधीची.

आणि जमीन गप्प बसलेली नाही. २००६-०७ च्या सुमारास नांदेड शहरात लहान धक्क्यांची मालिका होती. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, सौम्य धक्के बसले, माणसं पुन्हा घराबाहेर झोपली. हासोरी किल्लारीपासून दूर नाही. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. दर वेळी तेच होतं: शास्त्रज्ञ येतात, यंत्र बसतं, पत्रकं निघतात, आवाज थांबले की बातमीही थांबते. त्या पथकांनी आपलं काम चोख केलं असेलही. पण ब्लॅक फॉरेस्टच्या खाणीतलं यंत्र १९७० च्या दशकापासून ऐकतं आहे, विद्यापीठाचं नाव बदललं, कायदा बदलला, सरकारं बदलली तरी. कार्ल्सरूहकडून आपण घ्यावं असं मला जे वाटतं ते हे टिकणं.

नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. त्याच भागात १९९४ मध्ये, भूकंपाला वर्ष होता होता, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत. किल्लारीत या दोघांचं मिळून एक लहानसं ठाणं असावं: एका बाजूला खडकात बसवलेलं, कायम चालणारं यंत्र, आणि दुसऱ्या बाजूला गवंड्यांचं आवार, जिथं दगडी भिंतीचे नमुने बांधून हलवून पाहता येतील आणि बांधणारा ते स्वतः हलवेल. नुसतं यंत्र बसवलं तर किल्लारी पुन्हा कागदावरची रेघ होईल. नुसतं प्रशिक्षण दिलं तर ते अनुदान संपलं की संपेल.

अडचण खात्यांची आहे. भूकंपमापन केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे, दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे. धरणांभोवतालच्या नोंदी राज्याच्या जलसंपदा खात्याच्या नाशिकच्या 'मेरी' संस्थेकडे. घरकुलं ग्रामविकासकडे, बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडे, अभ्यासक्रम विद्यापीठाकडे. कार्ल्सरूहला तर दोनच खाती जुळवायची होती, आणि त्यातच दशकाहून जास्त काळ गेला. इथं गवंडी यांपैकी कुणाच्याच खात्यात नाही. तो सकाळी नाक्यावर उभा राहतो, बोलावेल त्याच्याबरोबर जातो, आणि घरमालक सिमेंट-लोखंडाचा खर्च ऐकून पट्टा नको म्हणाला की पट्टा न घालताच भिंत चढवतो.